कन्सोलवर सापशिडीचा पट कसा आखावा

कन्सोलवर, म्हणजे फक्त अक्षरे छापणाऱ्या टर्मिनलच्या खिडकीत, चालणारा खेळ लिहायला घेतला की बहुतेक जण फुल्ली-गोळ्यापासून सुरुवात करतात. तीन बाय तीनची ती चौकट पाच ओळींत छापून होते, कुठेही काही अडत नाही आणि म्हणूनच तिच्यातून फारसे शिकायलाही मिळत नाही. सापशिडीचा पट मात्र शंभर घरांचा असतो, त्यातले आकडे एका ओळीत डावीकडून उजवीकडे तर तिच्या वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे धावतात, एकाच घरात दोन सोंगट्या येऊन बसतात आणि पडद्याची रुंदी तर जेमतेमच पुरते. अक्षरांनी पट आखताना जे प्रश्न पडू शकतात ते जवळजवळ सगळे या एका खेळात भेटतात, म्हणून येथे तोच उदाहरणादाखल घेतला आहे. भाषा पायथन गृहीत धरली आहे. सी किंवा जावा वापरणाऱ्यांना छापण्याची आज्ञा तेवढी वेगळी लिहावी लागेल, हिशेब तोच राहील.

एक खुलासा आधीच करतो. पुढे काही ओळी मराठी नावे आणि मराठी आकडे वापरून लिहिल्या आहेत. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना 'घर', 'ओळ' अशी देवनागरी नावे खुशाल देता येतात. मात्र कोडमधले आकडे इंग्रजी वळणाचेच (0 ते 9) लिहावे लागतात, तेथे देवनागरी आकडा चालत नाही.

आधी कागदावर मोजमाप

टर्मिनलवर मोजमाप पिक्सेलचे नसते, अक्षरांच्या जागांचे असते. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २४ ओळी होत्या, आणि आजही अनेक टर्मिनल खिडक्या उघडताना याच मापाच्या उघडतात. खिडकी मोठी करता येते हे खरे, पण खेळणारा ती करीलच असे नाही. त्यामुळे पट ८० बाय २४ मध्ये बसवणे हीच सुरक्षित अट धरून चालावे.

आता दहा घरांच्या एका ओळीला भिंती किती लागतात ते पाहावे. उत्तर दहा नसून अकरा आहे, कारण कुंपणाला शेवटचा खांब लागतोच. घराची आतली रुंदी 'र' अक्षरे धरली तर पूर्ण पटाची रुंदी १० × र + ११ इतकी होते. र तीन असेल तर ४१, पाच असेल तर ६१, सहा असेल तर ७१ आणि सात असेल तर ८१. या शेवटच्या आकड्यानेच माझा पहिला पट मोडला होता. घर ऐसपैस दिसावे म्हणून मी सात जागा ठेवल्या, आणि प्रत्येक ओळीची शेवटची उभी रेघ एकटीच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन पडली. सगळा पट दुप्पट उंच आणि विस्कटलेला दिसू लागला, आणि चूक छापण्याच्या कोडमध्ये असेल या समजुतीने मी ती भलत्याच ठिकाणी शोधत बसलो. कोड बरोबर होते. रुंदी एका अक्षराने जास्त होती एवढेच.

उंचीचा हिशेबही असाच आहे. प्रत्येक घर एक ओळ उंच आणि मध्ये आडव्या भिंती असे धरले तर १० + ११ म्हणजे २१ ओळी होतात. घर दोन ओळी उंच केले तर ३१ होतात आणि २४ ओळींचा पडदा पुरत नाही. म्हणजे उंचीबाबत निवडीला वावच नाही: घर एक ओळीचे, पट २१ ओळींचा आणि खाली शिल्लक तीन ओळी.

रुंदी ठरवण्याआधी घरात काय काय मावायला हवे ते लिहून काढावे. घराचा क्रमांक शंभरपर्यंत जातो, म्हणून तीन जागा. साप किंवा शिडी सुरू होत असल्याची खूण, एक जागा. दोन खेळाडूंच्या दोन सोंगट्या, प्रत्येकी एक जागा. बेरीज सहा होते, पट ७१ स्तंभांचा होतो आणि उजवीकडे नऊ स्तंभ मोकळे राहतात, ज्यांचा उपयोग पुढे करायचा आहे. टर्मिनलमधील अक्षराची जागा साधारणपणे रुंदीच्या दुप्पट उंच असल्यामुळे सहा रुंदीचे घर थोडे आडवे दिसते. घरे चौरसच दिसायला हवी असतील तर आतली रुंदी तीन ठेवावी लागेल, पण मग त्यात क्रमांकाशिवाय काहीही मावणार नाही. मला विचाराल तर देखणेपणापेक्षा सोंगटी दिसणे महत्त्वाचे.

पट साठवू नये

या टप्प्यावर नवखा प्रोग्रॅमर हमखास एक दहा बाय दहाची यादी तयार करतो, तिच्यात मोकळ्या जागा भरतो आणि सोंगटी सरकली की जुन्या घरातले चिन्ह पुसून नव्या घरात लिहितो. त्यातही ही यादी तयार करण्याची एक सोपी दिसणारी पद्धत फसवी आहे. एक ओळ तयार करून तिला दहाने गुणले की पायथन दहा वेगळ्या ओळी बनवत नाही, एकाच ओळीकडे बोट दाखवणाऱ्या दहा खुणा बनवतो; मग सोंगटी एका घरात ठेवली की ती वरपासून खालपर्यंत दहाही ओळींत उमटते. प्रत्येक ओळ वेगळी तयार केली की हा दोष जातो.

पण मुळात या यादीची गरजच नसते. सापशिडीत लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत: पहिली सोंगटी कितव्या घरात आहे, दुसरी कितव्या घरात आहे आणि कोणत्या घरातून कोणत्या घरात जायचे. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे दोन आकडे, आणि तिसरी म्हणजे एक कोश (पायथनमधली डिक्शनरी), ज्यात सुरुवातीच्या घरासमोर शेवटचे घर लिहिलेले असते. साप आणि शिडी यांचे वेगवेगळे कोशही नकोत, कारण शेवट सुरुवातीपेक्षा लहान असेल तर तो साप आणि मोठा असेल तर ती शिडी, हे प्रोग्रॅमला आपोआप कळते. पट दरवेळी या आकड्यांवरून नव्याने काढावा. चित्र पुसण्याचे काम उरले नाही की पुसायचे राहून गेलेल्या सोंगट्याही उरत नाहीत.

नागमोडी आकडे

छापणे वरून खाली होते, तर सापशिडीतले क्रमांक खालून वर चढतात आणि तेही नागमोडी. ओळ आणि स्तंभ दोन्ही शून्यापासून मोजले आणि सर्वांत वरची ओळ शून्य धरली, तर कोणत्याही जागेवरचा घर क्रमांक असा निघतो:

उंची = ९ − ओळ
उंची सम असेल तर: घर = उंची × १० + स्तंभ + १
उंची विषम असेल तर: घर = उंची × १० + १० − स्तंभ

सूत्र पाठ करण्यापेक्षा चार कोपरे तपासून पाहावेत. वरची ओळ, डावा कोपरा: उंची ९, विषम, म्हणून ९० + १० − ० म्हणजे १००. त्याच ओळीचा उजवा कोपरा: ९० + १० − ९ म्हणजे ९१. खालची ओळ, डावा कोपरा: उंची ०, सम, म्हणून ० + ० + १ म्हणजे १; आणि उजवा कोपरा १०. चारही कोपरे बरोबर आले की मधली घरे चुकण्याचे कारण राहत नाही.

पूर्ण पट दरवेळी नव्याने काढायचा असेल तर एवढेच सूत्र पुरते, कारण प्रत्येक जागेवर पोचल्यावर 'हे कितवे घर आणि येथे कोणाची सोंगटी आहे का' एवढाच प्रश्न विचारायचा असतो. फक्त एका घरातली सोंगटी हलताना दाखवायची असेल तर उलटे सूत्र लागते. क्रमांकातून एक वजा करून दहाने भागावे. भागाकार ही खालून मोजलेली उंची, आणि बाकी हा स्तंभ, फक्त उंची विषम असेल तर नऊमधून बाकी वजा करून स्तंभ घ्यावा. ३७ क्रमांकासाठी ३६ भागिले १० म्हणजे उंची ३ आणि बाकी ६. उंची विषम, म्हणून स्तंभ ३. सुरुवातीला एक वजा करायचे विसरले तर दहा, वीस, तीस ही दहाच्या पाढ्यातली घरे एक ओळ वर उडी मारतात, आणि बाकी सगळी सोंगटीच्या एका पावलाने चुकतात.

ओळ जोडणे आणि छापणे

आडवी भिंत एकदाच तयार करून ठेवावी: एक अधिक चिन्ह, आणि त्यानंतर 'सहा वजाचिन्हे व एक अधिक चिन्ह' हा तुकडा दहा वेळा. घराचा मजकूर तयार करताना क्रमांक तीन जागांत उजवीकडे सरकवून बसवावा, म्हणजे एकम एकमाखाली आणि दशक दशकाखाली येतात. पायथनमध्ये त्यासाठी आर-जस्ट आहे आणि सीमध्ये प्रिंट-एफला टक्का-तीन-डी सांगितले की तेच होते. त्यापुढे खुणेची एक जागा आणि सोंगट्यांच्या दोन जागा, रिकाम्या असल्या तरी मोकळी जागा म्हणून छापायच्याच. मोकळी जागा हेही एक अक्षर आहे, आणि ते गाळले की त्या घराच्या उजवीकडची प्रत्येक भिंत डावीकडे सरकते. पटाचा वरचा डावा कोपरा मग असा दिसतो:

```
+------+------+------+
|१००   | ९९   | ९८~  |
+------+------+------+
| ८१   | ८२#  | ८३ @ |
+------+------+------+
```

९८ मध्ये सापाचे तोंड आहे, ८२ मध्ये शिडीचा पाय आहे आणि ८३ मध्ये पहिल्या खेळाडूची सोंगटी आहे. दुसऱ्या खेळाडूची सोंगटी नेहमी त्याच्या उजवीकडच्या जागेत येईल; प्रत्येकाची जागा कायमची राखून ठेवली असल्यामुळे दोघे एकाच घरात आले तरी कोणी कोणावर बसत नाही. चार खेळाडू हवे असतील तर हा थाट मोडतो, कारण तीन अधिक एक अधिक चार म्हणजे आठ आणि पट ९१ स्तंभांचा होतो. अशा वेळी खूण एक जागा आणि पुढच्या चार जागांत सोंगट्या, आणि घर रिकामे असेल तरच त्या चार जागांत क्रमांक, अशी तडजोड करावी. घर पाच रुंदीचे, पट ६१ स्तंभांचा. सोंगटी ज्या घरात आहे त्याचा क्रमांक तेवढ्यापुरता झाकला जातो, पण शेजारच्या घरांवरून तो सहज कळतो.

सापाचे अंग आणि शिडीच्या पायऱ्या घराघरांतून तिरप्या काढण्याचा मोह टाळलेला बरा. अक्षरांच्या जाळीत तिरकी रेघ नीट येत नाही आणि दोन साप एकमेकांवरून गेले की कोणता कोठे उतरतो ते कळेनासे होते. पटाच्या उजवीकडे जे नऊ स्तंभ मोकळे ठेवले होते तेथे यादी द्यावी: दोन मोकळ्या जागा आणि मग '९८>२८' असा तुकडा. शिडी थेट शंभरावर नेणारी असली तरी '८०>१००' हे सहाच अक्षरांचे होते आणि ओळ ७९ स्तंभांत संपते. बाणासाठी साधे 'पेक्षा मोठे' चिन्ह घेण्याला कारण आहे: युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला) देखणा बाण काही टर्मिनलांवर एक जागा घेतो तर काहींवर दोन.

अधिक आणि वजा चिन्हांऐवजी अखंड रेघांची चौकट हवी असेल तर युनिकोडमध्ये चौकटी आखण्यासाठी १२८ चिन्हांचा स्वतंत्र विभागच आहे. त्यातली अकरा आपल्याला लागतात: आडवी रेघ, उभी रेघ, चार कोपरे, चार बाजूंचे तिठे आणि मधला चौक.

```
┌──────┬──────┐
│१००   │ ९९   │
├──────┼──────┤
│ ८१   │ ८२#  │
└──────┴──────┘
```

आडवी भिंत आता तीन प्रकारची झाली, म्हणून डावे टोक, मधला सांधा आणि उजवे टोक अशी तीन चिन्हे घेणारे एक छोटे फंक्शन लिहावे. त्यात सहा रेघांचे दहा तुकडे जॉइन वापरून सांध्याने जोडावेत आणि दोन्ही टोके बाहेरून लावावीत. जॉइन सांधा फक्त तुकड्यांच्या मध्ये घालतो, म्हणून सांधे नऊ आणि टोके दोन, मिळून बरोबर अकरा होतात. अकरावी भिंत मोजत बसावे लागत नाही. ज्यांनी टर्बो सीवर शिक्षण घेतले त्यांना १९६ म्हणजे आडवी रेघ, १७९ म्हणजे उभी रेघ आणि २१८ म्हणजे डावा वरचा कोपरा असे आकडे पाठ असतात. ते आयबीएम पीसीच्या जुन्या ४३७ क्रमांकाच्या कोड पेजमधले, म्हणजे चिन्हांच्या तक्त्यातले आहेत. युनिकोडची चिन्हे यूटीएफ-८ या पद्धतीने वाचणाऱ्या आजच्या टर्मिनलकडे तेच आकडे एकेक बाइट म्हणून पाठवले तर रेघांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

पटात मराठी अक्षरे

मराठी खेळात सोंगट्यांच्या जागी खेळाडूंची नावे किंवा घरात 'साप' असा शब्द लिहावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि नेमके येथेच सगळी आखणी ढासळते. कारण असे की, लांबी सांगणारे लेन हे फंक्शन डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजत नाही, युनिकोडचे घटक मोजते. 'पुणे' या शब्दाची लांबी ते चार सांगते: प, उकार, ण, मात्रा. 'मुंबई'ची पाच सांगते. 'मुक्ता' या नावात दिसणारी अक्षरे दोन आहेत, घटक सहा आहेत, आणि शून्य रुंदीचे म्हणून गणले जाणारे उकार व हलन्त वगळले तर चार उरतात. शिवाय 'क्त' हे जोडाक्षर कोणते टर्मिनल जोडून दाखवील आणि कोणते हलन्त दाखवून सुटे ठेवील याचा नेम नाही. काना आणि वेलांटी यांना काही टर्मिनल स्वतंत्र जागा देतात, काही देत नाहीत. तेव्हा सहा, चार आणि दोन यांपैकी कोणताही आकडा धरला तरी कोठे ना कोठे भिंत सरकणारच.

काना-मात्रा वगळून मोजण्यासाठी युनिकोड-डेटा या ग्रंथालयातील कंबाइनिंग हे फंक्शन वापरावे असे सुचेल, पण ते काना, उकार आणि मात्रा या सर्वांसाठी शून्यच सांगते, म्हणजे त्याच्या लेखी ती साधी अक्षरेच ठरतात. मोजायचेच असेल तर त्याच ग्रंथालयातील कॅटेगरी हे फंक्शन विचारावे. त्यापेक्षा माझा सल्ला सोपा आहे: देवनागरी मजकूर ओळीच्या शेवटी ठेवावा. ज्याच्या उजवीकडे काहीच नाही त्याने कोणाला ढकलण्याचा प्रश्न येत नाही. नावे पटाखालच्या ओळीत, '@' आणि '*' या खुणांसमोर लिहावीत, दोन नावे असतील तर दोन ओळींवर. आणि घरांच्या आत खुणाच राहू द्याव्यात.

देवनागरी आकड्यांना काना-मात्रा नसल्याने तेथे हा घोळ नाही. फक्त टर्मिनलचा फॉन्ट ते आकडे दुसऱ्या फॉन्टमधून उसने घेत असेल तर ते किंचित रुंद दिसू शकतात, म्हणून ते वापरावेत की नाही हे एकदा छापून पाहून ठरवावे. एक गोष्ट मात्र सुखावणारी आहे. खेळाडूने '१२' असे देवनागरीत टंकले तरी पायथनचे इंट हे फंक्शन त्याचा आकडा बिनतक्रार बारा करते.

पुन्हा पुन्हा काढताना

प्रत्येक खेळीनंतर पट नव्याने छापला की जुने पट वर सरकत जातात आणि खिडकी भरून जाते. पडदा पुसण्यासाठी दरवेळी बाहेरची आज्ञा चालवणे हा उपाय चालतो, पण तेवढ्यासाठी प्रत्येक वेळी एक नवी प्रक्रिया सुरू होते आणि मधल्या क्षणी पडदा कोरा दिसून डोळ्यांना लुकलुक जाणवते. त्याऐवजी पडदा सुरुवातीला एकदाच पुसावा आणि नंतर फक्त कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन जुन्या पटावरच नवा पट छापावा. कर्सर तेथे नेणारा संकेत म्हणजे २७ क्रमांकाचे एस्केप चिन्ह, त्यानंतर उघडा चौकोनी कंस आणि त्यानंतर इंग्रजी मोठा एच. कोडमध्ये एस्केप हे उलटी तिरकी रेघ आणि ०३३ असे लिहितात. एचच्या जागी मोठा के लिहिला तर ओळीचा उरलेला भाग पुसला जातो. हा दुसरा संकेत पटाखालच्या संदेशाच्या ओळींसाठी लागतोच, नाहीतर लांब संदेशानंतर आखूड संदेश आला की जुन्याचे शेपूट मागे राहते.

हे संकेत लिनक्स आणि मॅकवर पूर्वीपासून चालतात, विंडोजवर विंडोज १०च्या काळात आले. पायथनबरोबर येणाऱ्या आयडल या खिडकीत मात्र ते चालत नाहीत, तेथे त्यांची चिन्हेच छापली जातात. म्हणून प्रोग्रॅम टर्मिनलमधून चालवावा. पूर्ण पट आधी एका मोठ्या मजकुरात जोडून घ्यावा आणि एकाच प्रिंटने छापावा. घरागणिक प्रिंट केले तर शंभर वेळा पडद्याशी बोलणे होते आणि संथ टर्मिनलवर पट वरून खाली उतरताना दिसतो.

शेवटची अडचण फार किरकोळ दिसते, पण तिने वेळ बराच खाल्ला. पटाच्या २१ ओळी आणि खाली तीन, म्हणून मी नावांच्या दोन ओळी घेऊन 'फासा टाकण्यासाठी एंटर दाबा' हा प्रश्न चोविसाव्या ओळीवर ठेवला. पट नेटका दिसला. खेळाडूने एंटर दाबताच कर्सर पंचविसाव्या ओळीवर जायला निघाला, ती नव्हतीच, म्हणून टर्मिनलने सगळा पडदा एक ओळ वर सरकवला आणि पटाची वरची भिंत नाहीशी झाली. पुढच्याच क्षणी नवा पट छापला गेल्यामुळे ती परत आली, आणि दर खेळीला पट एकदा उडी मारल्यासारखा दिसू लागला. उपाय एवढाच की चोविसावी ओळ मोकळी ठेवावी: बाविसाव्या ओळीवर ज्याची पाळी आहे त्याचे नाव, तेविसाव्यावर प्रश्न. पटाची शेवटची भिंत छापतानाही प्रिंट आपणहून नवी ओळ जोडतो हे हिशेबात धरावे.

प्रोग्रॅम सुरू होताना शटिल या ग्रंथालयाकडून खिडकीची रुंदी आणि उंची विचारून घ्यावी, आणि ती ८० बाय २४ पेक्षा कमी असेल तर तुटका पट दाखवण्याऐवजी खिडकी मोठी करण्याची विनंती छापावी. त्यानंतर फासा न टाकता सोंगट्या हाताने काही घरांत ठेवून पाहाव्यात: दोन्ही १ वर, दोन्ही १०० वर, एक १० वर आणि दुसरी ११ वर. १० आणि ११ ही घरे उजव्या कडेला बरोबर एकावर एक दिसली पाहिजेत.